शंभर ग्रॅमचं भांडण आपण चुकीच्या काट्यावर तोलतोय

डिसेंबर २०२५ मध्ये विनेश फोगाटने परत मॅटवर उतरणार असं जाहीर केलं, नजर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर, आणि तासाभरात आमच्या गावाकडच्या पैलवान मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पॅरिसचं भांडण जसंच्या तसं परत पेटलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ५० किलोच्या फायनलच्या सकाळी ती शंभर ग्रॅम जास्त भरली, बाद झाली आणि पदकही गेलं, ते भांडण. अर्धे म्हणतात तिच्याविरुद्ध कट झाला, कुणीतरी मुद्दाम घडवून आणलं. बाकीचे म्हणतात जिला स्वतःचं वजन सांभाळता आलं नाही तिने देशाचं पदक घालवलं, आता कशाला परत येतेय, मूल सांभाळ, आमदारकी सांभाळ. इतके महिने झाले तरी दोन्ही बाजू तसूभर हललेल्या नाहीत आणि मला दोन्ही बाजूंचा राग येतो, कारण दोघंही ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळच्या त्या एका आकड्याकडेच बघून बोलतायत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्या सकाळी नियम जसा होता तसा लावला गेला, त्यात कुणी लबाडी केली नाही. पण तो नियम जी शिक्षा देतो ती अन्यायाची आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विनेशला ५० किलोच्या काट्यावर उभं राहायची वेळच यायला नको होती, ती का आली हे कुणी विचारतच नाही. पैलवानाने कुठल्या वजनात लढायचं हे त्याच्या शरीराने ठरवायला पाहिजे, आपल्याकडे ते ठरतं कुठली जागा रिकामी आहे यावरून, आणि सगळं दुखणं तिथे आहे.

विनेशचं करिअर सगळे पदकांच्या यादीने सांगतात, ते एकदा वजनाने सांगून बघा. २०१४ ला ग्लासगोचं कॉमनवेल्थ गोल्ड ४८ किलोत, त्याच वर्षी इंचॉनला एशियन गेम्सचं ब्राँझ, तेही ४८ मध्ये, तेव्हा पोरगी जेमतेम वीस वर्षांची. २०१६ ला रिओ, परत ४८, आणि क्वार्टर फायनलला चीनच्या सुन यानानशी लढताना गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. २०१८ ला गटच बदलले, ४८ चा ५० झाला, त्यात तिने गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थ आणि जकार्ताला एशियन गेम्स अशी दोन्ही सोनी घेतली, एशियन गेम्समध्ये कुस्तीचं सोनं घेणारी पहिली भारतीय बाई ती. मग शरीर भरलं, पंचविशी आली, २०१९ ला ती ५३ मध्ये आली आणि नूर-सुलतानला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ घेतलं. टोकियोला त्याच गटात पहिलं मानांकन घेऊन गेली आणि क्वार्टर फायनलला बेलारूसच्या कालाझिन्स्कायाकडून हरली. २०२२ ला बर्मिंगहॅमचं सोनं नि बेलग्रेडला वर्ल्डचं दुसरं ब्राँझ, सगळं ५३ मध्ये. म्हणजे शरीर जसं वाढत गेलं तशी ती गट चढत गेली, हेच नैसर्गिक आहे. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं बघा ना, १९४८ ला लंडनला फ्लायवेटला लढले आणि सहावे आले, चार वर्षांनी हेलसिंकीला एक गट वर जाऊन ५७ किलोच्या बँटमवेटला लढले आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. शरीर वर गेलं, गट वर गेला, पदक आलं. विनेशचं मात्र तिशीच्या तोंडावर, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, उलटं झालं. ५३ ची बाई परत ५० मध्ये उतरली. का उतरली?

त्यासाठी २०२३ साल बघायला लागतं. जानेवारीत ती, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले, कुस्ती फेडरेशनच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर, ब्रिजभूषण सिंहांवर, लैंगिक छळाचे आरोप होते, एप्रिलमध्ये परत बसले, २८ मे ला पोलिसांनी रस्त्यावरून उचलून नेलं. अध्यक्षांनी आरोप नाकारले, जूनमध्ये चार्जशीट दाखल झाली, २०२४ च्या मे मध्ये दिल्लीच्या कोर्टाने आरोप निश्चित केले, अल्पवयीन मुलीचं प्रकरण २०२५ मध्ये बंद झालं. कोण दोषी हे कोर्ट ठरवेल, मी इथे ठरवत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सरावात विनेशचा गुडघा परत गेला, मुंबईत ऑपरेशन झालं. सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला अंतिम पंघाल नावाच्या तरुण पैलवान पोरीने ५३ मध्ये वर्ल्डचं ब्राँझ घेतलं आणि त्या गटातली भारताची पॅरिसची एकमेव जागा मिळवली. एका देशाला एका गटात एकच जागा, आणि ऑलिंपिकला बायकांचे गट सहाच, ५०, ५३, ५७, ६२, ६८, ७६. वर्ल्डला दहा असतात, मधले ५५, ५९, ६५, ७२ ऑलिंपिकला गायब. मार्च २०२४ ला पतियाळाच्या ट्रायल्सला विनेश ५० आणि ५३ दोन्हीत उतरली, एका दिवशी दोन गटांत, ५३ मध्ये हरली आणि ५० मध्ये जिंकली. एप्रिलमध्ये बिश्केकला जाऊन ५० चा कोटा, म्हणजे ऑलिंपिकची जागा, आणला. तेव्हा तिचं नेहमीचं वजन ५५-५६ च्या आसपास असल्याचं सगळीकडे छापून आलं होतं. पाच-सहा किलो खाली. घरी बसायचं किंवा ५० मध्ये जायचं, असं ते होतं.

आता इथे विरोधकांचा पहिला जोरदार मुद्दा येतो आणि तो मी मान्य करतो. अंतिमची जागा अंतिमचीच होती. कोटा ज्याने आणला त्याने जायचं हेच आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी २०१६ ला गळा काढून सांगितलं होतं, तेव्हा नरसिंग यादवने, तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा घेतलेल्या आपल्या पैलवानाने, लास वेगासच्या वर्ल्डला ब्राँझ घेऊन ७४ किलोचा कोटा आणला होता आणि सुशीलकुमारला ट्रायल हवी होती. तेव्हा नरसिंगच्या बाजूने बोलायचं आणि आता अंतिमच्या विरोधात, असं चालणार नाही. तसंच २०२३ च्या एशियन गेम्सला विनेश आणि बजरंगला ट्रायल न देता थेट प्रवेश दिला गेला तेही चुकीचंच होतं, अंतिम त्यासाठी कोर्टात गेली आणि तिची तक्रार शंभर टक्के खरी होती. शेवटी विनेश जखमी झाली, अंतिम हांगझोला गेली आणि ब्राँझ घेऊन आली. आणि अजून एक गोष्ट, जी विनेशचे चाहते सांगतच नाहीत. २०१६ ला रिओच्या पात्रता फेरीला उलानबातरला ती ४८ मध्ये ४०० ग्रॅम जास्त भरली होती आणि बाद झाली होती, मग इस्तंबूलला जाऊन कोटा आणला. म्हणजे धोका तिला आधीच माहीत होता. हे सगळं खरं आहे. पण बघा, उलानबातरची गोष्ट माझंच म्हणणं पक्कं करते. विशीत जे शरीर ४८ मध्ये बसत नव्हतं ते तिशीत ५० मध्ये बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं आणि त्याला कुठल्याही डॉक्टरने, कुठल्याही फेडरेशनने थांबवायची सोय आपल्याकडे होती का?

लोक म्हणतात मग ५७ मध्ये का नाही गेली. रास्त प्रश्न आहे. पण ५७ मध्ये लढणाऱ्या पोरी ५७ च्या नसतात, त्या साठ-एकसष्टवरून खाली आलेल्या असतात, काट्यावर ५७ दाखवून दुसऱ्या तासाला परत भरलेल्या. सगळेच खाली उतरतात म्हणून जो उतरत नाही तो आपोआप आपल्यापेक्षा मोठ्या हाडापेराच्या माणसासमोर उभा राहतो. हे एकट्या पैलवानाच्या शहाणपणाने सुटत नाही, तो एकटा शहाणा झाला की फक्त हरतो. म्हणून मी म्हणतो हा नियमाचा प्रश्न आहे.

आता ती रात्र. ६ ऑगस्टला सकाळी वजन बरोबर भरलं. पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी, टोकियोला एकही गुण न देता सोनं घेतलेली, परदेशी पैलवानाकडून आयुष्यात कधी न हरलेली. विनेश ०-२ ने मागे, दोन्ही गुण निष्क्रियतेचे, म्हणजे ती मुद्दाम वाट बघत, अंगावर न घेता, सुसाकीला पटात शिरू न देता थांबली होती आणि शेवटच्या काही सेकंदांत तिने झडप घालून ताबा घेतला, २-२, जपानने चॅलेंज केलं ते फेटाळलं गेलं, त्याचा एक गुण, ३-२. मी ती कुस्ती किती वेळा बघितली मोजलं नाही. मग युक्रेनची लिवाच ७-५, मग क्यूबाची गुझमन ५-०. ऑलिंपिक कुस्तीच्या फायनलला गेलेली पहिली भारतीय बाई. पण तीन कुस्त्या लढायच्या तर मध्ये खावं-प्यावं लागतंच, आणि सुकवलेलं शरीर कोरड्या जमिनीसारखं पाणी धरून ठेवतं. संध्याकाळी काटा २.७ किलो जास्त. तिचे हंगेरियन कोच वोलेर आकोश यांनी नंतर लिहिलं होतं की दीड तासाच्या आसपास व्यायाम केल्यावरही दीड किलो उरलं, मग पन्नास मिनिटं सॉनामध्ये, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, बसवलं तर घामाचा एक थेंब आला नाही, मग मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत मशीनवर आणि डाव करत, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि परत सुरू. केस कापले, कपडे आखूड केले. आणि सकाळी काटा ५० किलो १०० ग्रॅम.

घामाचा थेंब आला नाही, या वाक्यावर जरा थांबा. शरीरात पाणीच उरलं नव्हतं म्हणून घाम आला नाही. रात्रभरात अडीच किलोच्या वर काढून झाल्यावर जे शंभर ग्रॅम उरले त्यांना आपण बेशिस्त म्हणतो? ज्याने एकदा तरी कुणाला वजन उतरवताना जवळून बघितलंय तो हा शब्द वापरणार नाही.

माझी भाची सोळा वर्षांची आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालमीत जाते. तिचं वजन साडेबावन्न. तिच्या तालमीत ५३ ला आधीच एक चांगली पोरगी होती, त्यामुळे जिल्ह्याच्या निवड चाचणीला वस्तादांनी सांगितलं तू ४९ ला उतर, तिथे आपलं कुणी नाही. साडेतीन किलो, सहा दिवसांत. मी त्या आठवड्यात ताईकडे होतो. पहाटे साडेचारला ही पोरगी दोन जॅकेटं आणि त्याच्यावर प्लास्टिकचा रेनकोट घालून उसाच्या रस्त्याने पळायची, आल्यावर अंगणात बसून च्युइंगम चघळायची आणि एका डब्यात थुंकत राहायची, कारण थुंकीचंही वजन असतं. चौथ्या दिवशी ताईने तिला अर्धी वाटी भात दिला तर ती ताटाकडे बघत बसली आणि रडायला लागली, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. वजनाच्या दिवशी ती ४८.९ भरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्याच कुस्तीला दुसऱ्या मिनिटाला तिच्या पायात गोळा आला, चीतपट झाली. त्या दिवशी कुणी कट केला नव्हता आणि पोरगी बेशिस्तही नव्हती. पॅरिसमध्ये जे झालं त्याचं छोटं रूप आमच्या अंगणात मी बघितलं, आणि तेव्हापासून मला या भांडणातली ती दोन्ही टोकं ऐकवत नाहीत.

आता नियमाकडे. नियमाच्या बाजूने जे म्हणतात त्यांचा मुद्दा हलका नाही. शंभर ग्रॅम सोडले तर उद्या दोनशे सोडायला लागतील, रेघ कुठेतरी ओढायलाच लागते. आणि दुसऱ्या दिवशी परत वजन घ्यायचा नियम मुळात चांगल्या हेतूने आला. आधी आदल्या संध्याकाळी एकदाच वजन घ्यायचे, मग पैलवान रात्रभरात चार-पाच किलो भरून यायचे आणि ज्याने खरंच आपल्या वजनात राहून तयारी केली तो हलका पडायचा. लढायच्या दिवशी सकाळी, आणि फायनलला परत सकाळी वजन घेतलं की लोक फार खाली उतरणार नाहीत, असा विचार होता. गुझमनने दोन्ही दिवस वजन भरलं, अमेरिकेच्या सारा हिल्डेब्रँटने भरलं आणि सोनं घेतलं. तिच्यावर अन्याय करून विनेशला फायनल खेळवायला पाहिजे होती असं मी म्हणतच नाही. फायनल गेली, ठीक आहे, ते सोसायला पाहिजे.

पण नियम तिथे थांबत नाही ना. दुसऱ्या सकाळचं वजन चुकलं की आदल्या दिवशीच्या सगळ्या कुस्त्या पुसल्या जातात आणि पैलवान शेवटच्या नंबरवर जातो. सुसाकीला हरवलं तेव्हा विनेशने त्या दिवसाचं वजन नियमात भरलेलं होतं. लिवाचला हरवलं तेव्हाही. गुझमनला हरवलं तेव्हाही. तिने त्या दिवशी कुणाचा हक्क मारला नाही, कुठलं औषध घेतलं नाही, काही लपवलं नाही. मग त्या तीन कुस्त्या कुठल्या गुन्ह्यासाठी खोडल्या? उत्तेजक घेतलेल्याचं पदक काढून घेतात कारण त्याचं जिंकणंच खोटं असतं. इथे जिंकणं खरं, आणि शिक्षा तीच. शंभर मीटरच्या फायनलला फॉल्स स्टार्ट झाला तर धावपटू फायनलमधून जातो, पण तो सेमीफायनल धावलाच नव्हता असं कुणी लिहीत नाही. ज्युदोमध्ये स्पर्धेच्या सकाळी काही जणांचं परत वजन घेतात तेव्हा पाच टक्क्यांची सूट असते, कारण आदल्या दिवशी सुकवलेला माणूस पाणी प्यायला की वाढणारच हे त्यांनी मान्य केलंय. पन्नास किलोचे पाच टक्के म्हणजे अडीच किलो. विनेशचे होते शंभर ग्रॅम, शून्य पूर्णांक दोन टक्के. खेळाच्या लवादाने १४ ऑगस्टला तिचा अर्ज फेटाळला हे सगळे सांगतात, पण त्याच लवादाच्या सविस्तर निकालात काय आहे ते कुणी सांगत नाही. निकाल देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या अॅनाबेल बेनेट यांनी लिहिलंय की तिने काहीही गैर केलेलं नाही, या नियमाचा परिणाम अतिशय जाचक आहे, आणि ज्या फेरीला ती अपात्र ठरली तिथून बाद करणं हे जास्त न्यायाचं झालं असतं. नियम बदलायचा अधिकार आपल्याला नाही म्हणून हात बांधलेले, एवढंच. म्हणजे निकाल देणाऱ्या बाईंनाही जे पटलं नाही ते आपल्या ग्रुपवरचे लोक छाती ठोकून बरोबर म्हणतायत.

आणि चांगल्या हेतूचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशीच्या वजनाने लोकांचं खाली उतरणं थांबलं का? त्याच पॅरिसला पुरुषांच्या ५७ किलोत लढणाऱ्या अमन सेहरावतने ब्राँझच्या कुस्तीआधी दहा तासांत साडेचार किलोच्या वर वजन काढलं, आपण सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. वर्षभराने सप्टेंबर २०२५ ला झाग्रेबच्या वर्ल्डला तोच अमन, तोच ५७ चा गट, १.७ किलो जास्त, बाद. फेडरेशनने काय केलं? एक वर्षाची बंदी घातली, मग ती उठवली. जिंकला की जिद्द आणि चुकला की बेशिस्त, आणि मधल्या काळात त्या पोराला ५७ मध्येच राहू दे की वर जाऊ दे यावर बसून विचार करायला कुणीच नाही. वजन दोनदा घेतल्यामुळे आता दोनदा सुकवतात, एवढाच फरक पडला.

हे बदलता येतं, त्याचं उदाहरण आहे. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॉलेजचे तीन पैलवान पोरं वजन उतरवताना मेली. रबरी सूट घालून, गरम खोलीत, सायकलवर. तिथेही तेव्हा असंच म्हणणारे होते की हा खेळच असा आहे, आम्हीही असंच केलं. पण तिसऱ्या मरणानंतर कॉलेजच्या खेळाच्या संस्थेने रबरी सूट आणि सॉना बंद केले, वजन कुस्तीच्या अगदी आधी घ्यायला सुरुवात केली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीझनच्या सुरुवातीला प्रत्येक पैलवानाची तपासणी करून शरीरात चरबी किती, पाणी किती बघून त्याचं कमीत कमी वजन ठरवून टाकलं, त्याच्या खाली त्या वर्षी उतरायचंच नाही, कोचने सांगितलं तरी नाही. हे आपल्याकडे राष्ट्रीय शिबिरात करायला काय लागतं? एक डॉक्टर, एक काटा, आणि कोचला नाही म्हणायची ताकद. पतियाळाला मार्च २०२४ ला कुणी असा कागद विनेशपुढे ठेवला असता की तुझं कमीत कमी वजन ५२, तू ५० च्या ट्रायलला बसूच शकत नाहीस, तर ती भांडली असती, रडली असती, कदाचित पॅरिसला गेलीच नसती. पण तो निर्णय तिच्या शरीराचा असता. मला माहीत आहे यात ती सुसाकीची कुस्तीही झाली नसती, आणि ते लिहिताना मला वाईट वाटतं, तरी लिहितो.

राहिला तो मुद्दा की आंदोलनात वेळ घालवला नसता तर हे झालं नसतं, खेळाडूने खेळावं. गुडघा आंदोलनात गेला नाही, सरावात गेला, त्यामुळे सगळा दोष फेडरेशनच्या भांडणावर टाकणं मलाही पटत नाही. पण खेळाडूने फक्त खेळावं हे सांगणाऱ्यांनी एक सांगा, ट्रायल कधी, कुठल्या गटाची, कोटा कुणाचा, कोच कोण, परदेशी शिबिराला सोबत कोण जाणार, हे सगळं ज्याच्या हातात त्याच्याबद्दल तक्रार असेल तर पोरीने जायचं कुठे? हेलसिंकीला खाशाबांना जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर लगेच पुढच्या कुस्तीला बोलावलं, मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता पण तो मागायला शेजारी एकही भारतीय अधिकारी उभा नव्हता, ही गोष्ट आपण सत्तर वर्षं हळहळत सांगतो. नियम होता, सांगणारा नव्हता. मग आजची पैलवान आपला नियम मागायला स्वतः रस्त्यावर बसली तर तीच राजकारणी कशी होते? आणि बाईने कुस्तीत तोंड उघडलं की चिडायची आपली सवय जुनी आहे. १९५० च्या दशकात हमीदा बानू नावाची बाई पैलवान पुरुषांशी लढायची, कोल्हापुरात तिने पुरुष पैलवानाला हरवल्यावर लोकांनी दगड मारले आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं, तिच्या लढती रद्द व्हायला लागल्या तशी तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली होती. कुस्तीची पंढरी म्हणून मिरवणाऱ्या आमच्या कोल्हापूरचं हे आहे, आणि ते आम्ही सांगत नाही.

ती आमदार झाली, पक्षात गेली, त्यावर ज्याला टीका करायची त्याने जुलाना या तिच्या मतदारसंघातल्या रस्त्यांवरून, पाण्यावरून करावी, तो लोकांचा हक्कच आहे. पण ६ ऑगस्टच्या तीन कुस्त्या त्याच्या आधीच्या आहेत, त्यांना कुठल्या पक्षाचा झेंडा नाही.

महाराष्ट्राला यात काय, असं ग्रुपवर एकाने विचारलं. २०२३ ला सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली, तेव्हापासून आमच्या भागात पोरींना तालमीत घालणारे आईबाप वाढलेले मी डोळ्यांनी बघतोय. जिथे फक्त तांबडी माती होती तिथे वर्गणी काढून मॅट टाकल्यात. पण मॅटबरोबर वजनगट आले, मातीच्या मैदानात जोड बघून कुस्ती लावायचे, आता ग्रॅमवर लागते, आणि हे वजन सांभाळायचं शास्त्र मात्र मॅटबरोबर आलं नाही. खुराक कसा वाढवायचा हे आमच्या वस्तादांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, दूध, तूप, थंडाई, बदाम. कमी कसं करायचं याचं ज्ञान म्हणजे जॅकेट घाल आणि पळ. पाळीच्या आसपास शरीर पाणी धरतं, त्या दिवसांत पोरीचं वजन किलो-दीड किलो वर असू शकतं, हे किती तालमींत बोललं जातं? भाचीच्या तालमीत मी विचारलं तर वस्ताद खाली बघायला लागले, माणूस वाईट नाही, त्यांना कुणी कधी शिकवलंच नाही.

मी परवा ताईबरोबर त्यांना जाऊन भेटलो. दोन तास बसलो. ते म्हणाले ५३ ला दोघी झाल्या तर तालमीतच आधी ट्रायल घ्यायला लागेल आणि एकीचे आईबाप नाराज होणार. मी म्हटलं होऊ द्यात की. शेवटी त्यांनी ट्रायल घेतली. भाची ६-४ ने हरली, त्यामुळे या वर्षी तालमीकडून जिल्ह्याला ती नाही, ती दुसरी पोरगी जाईल. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून एकाच टीशर्टवर पळायला गेली आणि आल्यावर ताईला म्हणाली भाकरी झाली का.